मल्लांची कीर्ति आणि त्यांची योग्यता

वसईच्या किल्ल्याकडे संध्याकाळीं फिरावयास जाणाऱ्या मंडळींत गेलीं कांहीं वर्षें आमचीही गणना होते. पाचूबंदराकडून येणारा खारा वारा, छपरें गेलेल्या ख्रिस्तमंदिरांच्या उंच भिंती आणि चिमाजी आप्पांचें स्मारक, एवढें सभोंवार असल्यावर बोलणें इतिहासाकडे न वळेल तरच नवल. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस असाच एक वाद निघाला. आमच्यांतील एक निवृत्त शिक्षक म्हणाले, “आप्पांना आपण फार कमी लेखलें. थोरल्या भावाच्या तेजांत ते झांकून गेले.” दुसऱ्या गृहस्थांना हें रुचलें नाहीं. “अहो, वसई ही एक मोहीम,” ते म्हणाले, “बाजीरावसाहेब वीस वर्षें घोड्यावरून उतरले नाहींत. बरोबरी कसली करतां?” वाद बराच वेळ चालला, आणि अशा वादांचें होतें तेंच त्याचेंही झालें, दोघेही आपापल्या मतावर ठाम राहून चहाला उठले. आमच्याबरोबर एक तिसरे गृहस्थ होते. ते मूळचे कराडकडचे, नोकरीनिमित्त वसईस आले व येथेंच राहिले. इतका वेळ ते गप्प होते. उठतां उठतां ते एवढेंच म्हणाले, “आमच्याकडे हा वाद पेशव्यांवरून होत नाहीं, पैलवानांवरून होतो. पण वाद हाच.”

हें वाक्य आमच्या मनांत घोळत राहिलें. मल्लाची खरी योग्यता किती आणि लोकांनीं त्याच्या पदरांत टाकलेली कीर्ति किती, याचा जमाखर्च मांडण्याची हौस कुस्तीशौकिनांइतकी दुसऱ्या कोणास क्वचितच असेल. अमक्याला उगाच डोक्यावर चढविला, तमक्याला कोणी विचारलेंच नाहीं, ही भाषा तालमीच्या कट्ट्यावर रोजची आहे. युरोप-अमेरिकेंत मुष्टियुद्धाचे शौकीन हेंच करीत असतात. तेथें तर या वादावर ग्रंथच्या ग्रंथ निघाले आहेत. परंतु हा जमाखर्च कोणत्या मापानें मांडावयाचा याचा विचार फारसा होत नाहीं. मापच खोटें असेल तर धान्य कमी भरलें कीं जास्त, हें कसें कळावें?

महाराष्ट्रांत या परीक्षेची मोठी पाठशाळा म्हणजे कोल्हापूर. शाहू महाराज १९०२ सालीं युरोपच्या प्रवासास गेले, तेव्हां रोमचें प्राचीन क्रीडागार त्यांच्या दृष्टीस पडलें आणि त्या धर्तीचें मैदान आपल्या राजधानींत असावें असें त्यांच्या मनानें घेतलें. तें खासबाग मैदान १९१२ सालीं तयार झालें. मध्यें तांबड्या मातीचा हौदा, सभोंवार चढत गेलेली बैठक. माणूस कोठेंही बसो, त्याला कुस्ती दिसलीच पाहिजे अशी रचना. महाराजांनीं दूरदूरचे, विशेषतः पंजाबचे, नामांकित मल्ल आश्रयास आणले व त्यांच्या सहवासांत गांवचीं पोरें तयार केलीं. याचा परिणाम असा झाला कीं, ज्यानें जन्मांत लंगोट कसला नाहीं असा कोल्हापूरचा दुकानदारही खडाखडी सुरू होतांच कोणाचा हात वर बसला तें सांगूं लागला.

या नजरेविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु ती एका विशिष्ट जातीच्या कुस्तीवर तयार झालेली नजर आहे, हें विसरून चालणार नाहीं. मातीवरची जुनी कुस्ती निकाली. तींत गुण मोजावयाचे नसत; पाठ मातीला लागली कीं संपलें. जोड लावणारे वस्ताद मल्लांना वजनकांट्यावर चढवीत नसत, डोळ्यांनीं अंगलट पाहूनच ते जोड ठरवीत. मैदानांत सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती सर्वांत शेवटीं, आणि ती बहुधा सर्वांत धिप्पाड जोडीची. लहान चणीचे मल्ल दुपारींच लढून जात, त्या वेळीं निम्मे प्रेक्षक अजून गाडीचे बैल सोडीत असत. अशा रीतीनें मोठा देह म्हणजे मोठा मल्ल हें समीकरण कोणीं न शिकवितां मनांत रुजलें. श्रीपति खंचनाळे, गणपतराव आंदळकर, मारुति माने हे अनुक्रमें १९५९, १९६० आणि १९६४ सालचे हिंदकेसरी. तिघेही भारी अंगाचे. पुढील दोघांनीं १९६२ सालीं जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत सुवर्णपदकेंही मिळविलीं. त्यांची कीर्ति रास्त आहे, तींतील एक गुंजही आम्हांस कमी करावयाची नाहीं. पण त्याच वेळीं हलक्या वजनांत कोण किती श्रेष्ठ होता, हें मैदानावरून परतणाऱ्या दहांपैकीं नऊ जणांना सांगतां आलें नसतें.

मुष्टियुद्धाच्या शौकिनांनीं या दोषावर एक तोडगा काढला आहे. सर्व योद्धे एकाच वजनाचे आहेत अशी कल्पना करावयाची आणि मग कोण श्रेष्ठ ठरतो तें पाहावयाचें. शुगर रे रॉबिन्सन हा अमेरिकन योद्धा जो लुईच्या मानानें लहान. प्रत्यक्षांत दोघांची गांठ घालणें हा वेडेपणाच झाला असता. परंतु या काल्पनिक तराजूंत रॉबिन्सनचें पारडें सर्वांहून जड आहे असें मानणारे जाणते पुष्कळ आहेत. आपल्या तालमींत हा तराजू आला नाहीं. आला असता तर पुढें ज्यांची गोष्ट सांगावयाची आहे त्या गृहस्थांचे दिवस कदाचित् निराळे गेले असते.

दुसरें माप अंकगणिताचें. अमक्यानें तमक्याला चीत केला, तमक्यानें फलाण्याला. म्हणजे अमका फलाण्याहून श्रेष्ठ. हें इतकें सरळ वाटतें कीं शंका घेणाराच वेडा ठरतो. परंतु १९७१ सालीं जो फ्रेझियरनें महंमद अलीला हरविलें, १९७३ सालीं केन नॉर्टननें त्याचा जबडा मोडून त्याला हरविलें. या दोन्ही वीरांना जॉर्ज फोरमननें प्रत्येकीं दुसऱ्याच फेरींत झोपविलें. आतां या अंकगणितानें अलीची फोरमनपुढें काय अवस्था व्हावयास हवी होती? १९७४ च्या ऑक्टोबरांत झाईर देशीं आठव्या फेरींत खालीं पडला तो फोरमन. झुंज ही बेरीज-वजाबाकी नव्हे. एकाचा डाव दुसऱ्याच्या नेमक्या उणिवेवर बसतो, आणि तिसऱ्यापुढें तोच डाव फुकट जातो. हें वस्तादांना पक्कें ठाऊक असतें. शौकिनांना ठाऊक असून वादाच्या भरांत आठवत नाहीं.

तिसरें माप सर्वांत फसवें, कारण तें जवळजवळ खरें आहे. मल्लाची किंमत त्यानें कोणास हरविलें यावरून करावी, असें शहाणे लोक म्हणतात. बरोबरच आहे. वसईचेंच पाहा. १७३९ च्या मे महिन्यांत हा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला तो पोर्तुगीज दुबळे होते म्हणून नव्हे. त्यांचा सेनानी सिल्व्हेरा तटावर पडला, सुरुंगांनीं बुरूज उडाले, तरी ते झुंजत राहिले. अखेर तह झाला तोही मानानें किल्ला सोडून जाण्याचा. आप्पांच्या विजयाला मोल आहे तें या प्रतिकारामुळें. पण कोणास हरविलें एवढें विचारून भागत नाहीं. तो त्या वेळीं कोणत्या अवस्थेंत होता हेंही विचारावें लागतें, आणि येथेंच शौकीन फसतो. रॉकी मार्सियानो हा एकुणपन्नास झुंजी खेळून एकही न हरतां निवृत्त झाला. त्याच्या विजयांत जो लुईचें नांव मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असतें. परंतु १९५१ सालीं मार्सियानोनें ज्या लुईला पाडलें तो सदतीस वर्षांचा, कर्जापायीं पुन्हां आखाड्यांत उतरलेला लुई होता. नांव तेंच, माणूस तो नव्हे.

आमच्याकडे याचें थोर उदाहरण म्हणजे गामा. गामाची कीर्ति फाजील आहे काय, असा प्रश्न नुसता विचारला तरी कांहीं मंडळी अंगावर धांवून येतील. त्याच्या जोर-बैठकांच्या, खुराकाच्या कथा ऐकतांना आम्हांस नेहमीं वाटतें कीं, सांगणाऱ्यागणिक शून्यें वाढत गेलीं असावींत. त्या सोडून देऊं. नोंदलेल्या गोष्टी पाहूं. १९१० सालीं गामा लंडनला गेला. उंचीनें बेताचा म्हणून त्याला प्रथम कोणी विचारीना. मग त्यानें उघड आव्हान दिलें आणि डॉक्टर रोलर या अमेरिकन मल्लास आस्मान दाखविलें. नंतर १० सप्टेंबरला पोलंडच्या झिबिस्कोशीं त्याची गांठ पडली. झिबिस्को अंगानें कितीतरी भारी. गामाचा पहिलाच झपाटा पाहून तो जो पालथा पडून चटईला चिकटला तो अडीच तासांहून अधिक वेळ तसाच राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यांत पुन्हां लढावयाचें ठरलें होतें, तेव्हां झिबिस्को आलाच नाहीं व मानाचा पट्टा गामाला मिळाला. अठरा वर्षांनीं, १९२८ च्या जानेवारींत, पतियाळास दोघे पुन्हां भिडले आणि एक मिनिट भरण्याच्या आंत गामानें त्याला चीत केलें.

आतां शौकिनांचा न्याय पाहा. पतियाळाची कुस्ती म्हणजे गामाच्या कीर्तीचा कळस आणि लंडनची बरोबरी म्हणजे तिच्यावरील डाग, असें बहुतेक समजतात. आमचें मत अगदीं उलट आहे. १९२८ सालीं झिबिस्को पन्नाशीला टेंकला होता. गामाही तरुण नव्हता हें कबूल, पण त्या विजयानें एवढेंच सिद्ध झालें कीं दोघांत गामाचा देह अधिक टिकला. १९१० सालीं मात्र झिबिस्को ऐन भरांत होता, युरोपांतील पहिल्या प्रतीच्या मल्लांत मोजला जात होता, आणि असा माणूस अडीच तास उठून उभा राहावयास धजला नाहीं! ज्याच्यासमोर उभें राहण्याचीही प्रतिस्पर्ध्याची छाती होत नाहीं, त्याच्या योग्यतेचा याहून मोठा दाखला कोणता? गामाची कीर्ति फाजील नाहीं. ती चुकीच्या पानावर लिहिली गेली आहे इतकेंच. हॅकन्श्मिट व गॉच हे त्या काळचे दोन महामल्ल त्याच्याशीं लढले नाहींत, ही मात्र खरी उणीव. आणि ती कोणत्याही वादानें भरून निघणार नाहीं.

हरणारा अधिक लाडका ठरतो, असाही एक चमत्कार या क्षेत्रांत पाहावयास मिळतो. जीन टनी यानें जॅक डेम्प्सीला १९२६ व १९२७ असें दोनदां हरविलें. पण टनी पुस्तकें वाचणारा, मोजून-मापून लढणारा. डेम्प्सी अंगावर तुटून पडणारा. लोकांनीं टनीला विजय दिला आणि प्रेम डेम्प्सीला. कीर्तीच्या बाजारांत पाहणाऱ्याचें रक्त किती तापलें याला भाव असतो.

हें सर्व ध्यानांत घेऊन आतां कराडच्या त्या गृहस्थांच्या मनांतील मल्लाकडे वळूं. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म कराडजवळील गोळेश्वर या गांवीं १९२६ सालीं झाला. घरांत कुस्ती वडिलांपासून. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलांत आणि पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत. १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. मातीवर वाढलेला हा तरुण तेथें गादीवर, परक्या नियमांनीं, सर्वांत हलक्या वजनगटांत लढला आणि सहावा आला. सहावा म्हणजे कांहींच नाहीं, असें आम्हीही लहानपणीं समजत होतों. पण ज्या खेळाची भूमि, नियम आणि मोजदाद तिन्ही नवीं, त्यांत जगांतला सहावा येणें ही गोष्ट काय आहे, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

चार वर्षांनीं हेलसिंकी. संघाच्या निवडींत त्यांना प्रथम वगळण्यांत आलें. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितल्यावर पुन्हां चांचणी झाली व तींत त्यांनीं आपली जागा मिळविली. खर्चाची तोंडमिळवणी होईना. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट आतां पुष्कळांस ठाऊक आहे. या वेळीं खाशाबा सत्तावन किलोच्या गटांत, म्हणजे पूर्वीपेक्षां वरच्या वजनांत उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना त्यांनीं हरविलें. त्यांचा पराभव दोघांनीं केला: जपानचा इशी आणि सोव्हिएट रशियाचा मामेदबेयोव्ह. या दोन झुंजींच्या मध्यें नियमाप्रमाणें विसावा मिळावयास हवा होता, तो मिळाला नाहीं. आणि तो मागावयास भारताचा एकही अधिकारी त्या वेळीं तेथें हजर नव्हता. २३ जुलै १९५२ रोजीं त्यांना ब्राँझपदक मिळालें. स्वतंत्र भारतानें मिळविलेलें हें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्याच दिवशीं आपल्या हॉकीच्या संघानें सुवर्णपदक जिंकलें, आणि देशाचें सारें लक्ष तिकडे गेलें.

सातारा जिल्हा मात्र विसरला नाहीं. कराडला त्यांची मिरवणूक निघाली, तींत शंभरावर बैलगाड्या होत्या. पुढें त्यांनीं कुस्त्या भरवून खर्डेकरांचें कर्ज फेडलें. १९५५ सालीं ते पोलिस खात्यांत फौजदार झाले, तेथेंच नोकरी केली, आणि १९८४ च्या ऑगस्टांत रस्त्यावरील अपघातांत वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लींतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचें नांव २०१० सालीं देण्यांत आलें.

त्यांची उपेक्षा झाली हें आतां सर्वच म्हणतात. परंतु ती कां झाली? सरकारावर सारा दोष टाकून मोकळें होणें सोपें आहे. आम्हांस वाटतें, दोष आपल्या मापाचाही होता. हलकें वजन, म्हणून दुपारची कुस्ती. गादीवरची, म्हणून खरी कुस्तीच नव्हे. गुणांवरची, म्हणून निकाल नव्हे. हजारों कोसांवर झालेली, म्हणून कोणीं पाहिली नाहीं. आणि तिसरा क्रमांक. ज्या मैदानांत जिंकलेला व हरलेला एवढ्या दोनच जाती, तेथें तिसऱ्याला जागा कोठली? खासबागेची नजर थोर खरी, पण हेलसिंकीची कुस्ती तिच्या टप्प्यांतच आली नाहीं.

आणि अलीकडे जें कौतुक चाललें आहे तेंही आम्हांस पुरतें समाधान देत नाहीं. चरित्रें वाचा, व्याख्यानें ऐका. बैलगाड्या आहेत, गहाण पडलेलें घर आहे, उशिरा आलेला पुरस्कार आहे, डोळ्यांतून पाणी काढील असें सर्व आहे. फक्त कुस्ती नाहीं. अन्याय झाला म्हणून मोठा, असा हा नवा हिशेब, आणि एखाद्यानें उद्यां विचारलें कीं, “अन्याय झाला तो वाईटच, पण मल्ल म्हणून त्यांची पायरी कोणती?” तर उत्तर देणारा गडबडतो. वस्तुतः उत्तर निकालपत्रकांतच आहे. ज्या दोघांनीं त्यांना हरविलें त्यांतील इशीला सुवर्ण मिळालें व मामेदबेयोव्हला रौप्य. म्हणजे पहिला व दुसरा हे दोघे सोडले तर त्या गटांतील दुसऱ्या कोणालाही खाशाबांवर विजय मिळवितां आला नाहीं. त्यांच्यानंतर दुसरें वैयक्तिक पदक भारताला १९९६ सालीं लिअँडर पेसनें टेनिसमध्यें मिळवून दिलें. आणि कुस्तींत दुसरें पदक येण्यास २००८ साल, म्हणजे सुशील कुमारपर्यंत छप्पन वर्षें लागलीं. करुणेची भर न घालतां एवढें भांडवल पुरें आहे.

मध्यंतरीं एका संध्याकाळीं आम्ही हें सर्व त्या कराडच्या गृहस्थांना किल्ल्यांत बसून ऐकविलें. ते शांतपणें ऐकत होते. शेवटीं म्हणाले, “तुम्हीही तेंच केलेंत. सालें सांगितलींत, पदकें सांगितलींत. डाव कोठें सांगितलात?” आम्ही निरुत्तर झालों. मग ते उठले, शेजारीं बसलेल्या निवृत्त शिक्षकांना म्हणाले, “गुरुजी, जरा उभे राहतां का?” आणि गुरुजी उभे राहिले न राहिले तोंच त्यांनीं एक हात त्यांच्या मानेवरून घालून काखेंत डोकें धरलें, कंबर आडवी घातली व म्हणाले, “हा ढाक. खाशाबांचा हुकमी डाव. येथून पुढचा माणूस हवेंत जातो.” गुरुजींचा चष्मा गवतांत पडला होता. तो शोधतां शोधतां अंधार झाला, आणि गुरुजी मान चोळीत पुन्हां पुन्हां विचारीत होते कीं, कंबर आधीं घालावयाची कीं हात.